पेंटाग्राफ की पँटोग्राफ? आणि तो 'तुटतो' म्हणजे काय होतं

प्रश्न असा आलाय की लोकल बंद पडली की बातमीत 'पेंटाग्राफ तुटला' असं येतं, तर गाडीच्या टपावरून वरच्या तारेतली वीज घेणाऱ्या या सांगाड्याचं नाव नक्की पेंटाग्राफ की पँटोग्राफ, त्याला मराठी शब्द आहे का, आणि 'ओव्हरहेड वायर तुटली' म्हणजे तेच की वेगळं.

आधी स्पेलिंगचं. पँटोग्राफच बरोबर. ग्रीकमध्ये 'पँटो' म्हणजे सगळं आणि 'ग्राफ' म्हणजे लिहिणं. पेंटा म्हणजे पाच, आणि गाडीच्या टपावर पाचाचं काही नसतं. पण बातम्या लिहिणाऱ्यांनाच एकट्याला नावं ठेवू नका, इंग्रजीतही दोन-तीनशे वर्षांपूर्वी लोक बिनधास्त पेंटाग्राफ लिहायचे. आपल्याकडे ॲ चा उच्चार लिहायची सोय आहे तर वापरावी एवढंच माझं म्हणणं. रेल्वेतली माणसं या भानगडीत पडतच नाहीत, ती सरळ 'पेंटो' म्हणतात, पेंटो वर घेतला, पेंटो खाली केला, बास.

आता विजेशी लिहिण्याचा काय संबंध? तर मूळ पँटोग्राफ हे चित्र काढायचं साधन. क्रिस्टोफ शायनर नावाच्या जर्मन जेझुइट पाद्र्याने १६०३ मध्ये ते बनवलं (सूर्यावरच्या डागांवरून गॅलिलिओशी वाद घालणारा तो हाच). चार पट्ट्या सांध्यांवर जोडलेल्या, एका टोकाने मूळ चित्र गिरवलं की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तेच चित्र लहान किंवा मोठं करून काढते. गाड्यांच्या टपावर पुढे जी चौकट आली ती तशीच शंकरपाळ्याच्या आकाराची, सांध्यांवर उघडमीट होणारी, म्हणून तेच नाव चिकटलं. आता बहुतेक ठिकाणी कोपरात वाकवलेल्या हातासारखा एकहाती पँटोग्राफ दिसतो, चौकट गेली पण नाव राहिलं.

मराठी शब्दाचं म्हणाल तर 'विद्युत संग्राहक' करता येईल, पण तो फार मोघम होतो. कोलकात्याच्या जुन्या मेट्रोत वर तारच नाही, रुळांच्या बाजूला तिसरा रूळ आहे आणि गाडीचा 'बूट', म्हणजे वीज घेणारा धातूचा तुकडा, त्याला घासत ७५० व्होल्ट घेतो, तो बूटही संग्राहकच की! त्यामुळे मी तरी पँटोग्राफच ठेवीन.

तिसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण बातमीत वायर आणि पँटोग्राफ यांची सरमिसळ असते. वर पाहिलंत तर एकावर एक दोन तारा दिसतील. वरची जरा झोळ पडलेली ती कॅटेनरी, लॅटिन 'कॅटेना' म्हणजे साखळी त्यावरून. तिला उभ्या बारीक तारांनी, म्हणजे ड्रॉपरनी, खालची तांब्याची काँटॅक्ट वायर टांगलेली असते आणि ड्रॉपरची लांबी कमीजास्त ठेवून ही खालची वायर सपाट राखतात. पँटोग्राफ तिला धरत नाही की तिला लटकत नाही, तो खालून हवेच्या दाबाने किंवा स्प्रिंगने वर रेटलेला असतो आणि त्याच्या डोक्यावरची कार्बनची पट्टी तारेला घासत जाते. ही तार मुद्दाम नागमोडी ओढलेली असते, सरळ मार्गावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण २० सेंटीमीटर, नाहीतर पट्टीवर एकाच जागी घासून खाच पडली असती. तिथून वीज गाडीत येते आणि काम झालं की चाकांतून रुळांत उतरते, म्हणून परतीच्या विजेसाठी वर वेगळी तार लागत नाही.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. आता २५,००० व्होल्ट एसी आहे, पश्चिम रेल्वेचं काम २०१२ पर्यंत झालं, हार्बर २०१६ मध्ये. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो, मग तारा हलक्या चालतात आणि सबस्टेशनंही लांब लांब ठेवता येतात.

तर तुटतं काय? बऱ्याचदा सुरुवात छोटीशी असते. एखादा ड्रॉपर सुटतो किंवा पट्टीचा तुकडा उडतो, मग पँटोग्राफचं डोकं तारेच्या वर जाऊन अडकतं आणि गाडी तर पळतेच आहे, त्यामुळे तो स्वतः मोडतोच आणि पुढच्या तारा, ब्रॅकेट सगळं ओढत नेतो. म्हणजे 'पँटोग्राफ तुटला' आणि 'वायर तुटली' या पुष्कळदा एकाच अपघाताच्या दोन बातम्या असतात, आणि आधी कोणी कोणाला तोडलं ते टॉवर वॅगन (वरच्या तारा दुरुस्त करायची गाडी) घेऊन आलेल्या लोकांनाच कळतं. माझ्या मते हेडिंगमध्ये 'पँटोग्राफ तारेत अडकला' लिहिलं तर जास्त खरं होईल.

जाता जाता, 'ट्रॉलीबस'मधली ट्रॉलीसुद्धा याच घराण्यातली. ट्रामच्या टपावरच्या लांब दांड्याच्या टोकाला खोबणीचं छोटं चाक असायचं आणि ते तारेखालून फिरायचं, ती ट्रॉली. मुंबईत विजेच्या ट्रामा १९०७ ते १९६४ होत्या. असा दांडा वळणावर किंवा सांध्यावर तारेवरून निसटला की कोणीतरी खाली उतरून दोरीने ओढून तो परत तारेला लावायचा. पँटोग्राफची पट्टी चांगली रुंद असते, तार इकडेतिकडे सरकली तरी पट्टीवरच राहते, म्हणून वेगाच्या गाड्यांना दांडा सोडून हाच घ्यावा लागला.