गोदामाचे जुने पत्रे उतरवताना

प्रश्न : पुण्यात मार्केट यार्डाजवळील गोदामाचे सिमेंटचे पत्रे बदलायचे आहेत, माझ्याकडे बारा कामगार आहेत. सुरक्षेची आखणी कशी करावी?

उत्तर : जुना सिमेंटचा पत्रा भक्कम दिसला, तरी माणसाच्या वजनाने अचानक फुटतो, म्हणून त्यावर थेट पाय ठेवू न देता आधारांवर टेकलेल्या रुंद फळ्यांवरूनच ये-जा ठेवावी, खाली जाळी बांधावी आणि हार्नेसचा (अंगावर बांधायच्या सुरक्षापट्ट्याचा) दोर पत्र्याच्या हुकाला नव्हे, तर अभियंत्याने तपासलेल्या मजबूत आधारालाच अडकवावा. दोराला लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कसे आणायचे, हे आधीच ठरवावे. माझ्या मते आखणीतला हाच भाग सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पत्र्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू) असल्यास ते न फोडता अखंड उतरवावेत. पावसात काम थांबवावे. दहा किंवा अधिक कामगार असल्याने 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेली 2020 ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिताही आपल्याला पाळावी लागेल.