कन्फेशन कुठल्या भाषेत करायचं?

प्रिय सोन्या,

या वेळी तुमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून गृहपाठ आलाय तो आम्हा आईबाबांना. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर मूल चर्चमध्ये पहिल्यांदा घेतं त्याआधी, मुलाला एक पत्र लिहा म्हणे. त्यात काहीतरी गोडगोड लिहायचं असावं. पण कन्फेशनबद्दल, म्हणजे फादरांसमोर आपली पापं कबूल करण्याबद्दल, तू गाडीत विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र त्याचंच. तू म्हणालास, "आई, आपण घरी प्रार्थना मराठीत करतो. मग मराठी मुलं कन्फेशनपण मराठीतच करतात ना? इथल्या फादरांना मराठी येत नाही, तर मी काय करू? आणि मी काही पापच केलं नसेल तर?"

आधी भाषेचं बघू. हो, मराठी मुलं कन्फेशन मराठीत करू शकतात. पूर्वी जवळपास जगभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. 1960च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, ती लोकांच्या भाषांत होऊ लागली. कन्फेशनचं मात्र तसं नव्हतं. क्षमेचे शब्द फादर लॅटिनमध्ये म्हणत, पण सांगणारा आपल्या घरच्या भाषेतच सांगे. त्यामुळे दूरदेशाहून आलेल्या धर्मगुरूंना लोकांची भाषा शिकल्याशिवाय गत्यंतरच नसे. थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) फादर 1579 साली गोव्यात आले आणि इतकं शिकले, की त्यांनी येशूची सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली. तेच 'क्रिस्तपुराण'. सुमारे 11 हजार ओव्या आहेत त्यात, आणि तो ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला 1616 साली. शाळेत कुणी विचारलंच, की मराठी आणि कॅथलिक हे एकत्र कसं, तर हे साल सांगून टाक. त्यापुढे वाद घालत बसू नकोस.

आता तुझी अडचण. गंमत म्हणजे चर्चच्या कायद्याने तिचाही विचार करून ठेवलाय. धर्मगुरूंना आपली भाषा येत नसेल तर दुभाष्यामार्फत कन्फेशन करता येतं, आणि ऐकलेलं गुप्त ठेवण्याचं बंधन त्या दुभाष्यावरही असतं. तुला दुभाषा लागणार नाही. मित्रांशी तू इंग्रजीतच भांडतोस, ते इंग्रजीत सांगायला जड जाणार नाही. पश्चात्तापाची प्रार्थना तुला मराठीत पाठ आहे. "फादर, ही मी मराठीत म्हणू का?" असं आधी विचार. मला वाटतं ते हो म्हणतील. नाहीच म्हणाले, तर "मला वाईट वाटतंय, मी पुन्हा असं न करण्याचा प्रयत्न करीन" एवढं इंग्रजीत मनापासून म्हण.

तुझा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि मला जास्त आवडलेलाही.

आम्ही लहान असताना बहुतेक मुलांची यादी ठरलेली असायची: खोटं बोललो, भावंडांशी भांडलो, आईवडिलांचं ऐकलं नाही. रांगेत उभं राहून तीच पाठ करायची आणि आत जाऊन एका दमात म्हणून टाकायची. फादरही ऐकून घ्यायचे. पण ती यादी कुणाचीही असू शकते, आणि तू कुणीही नाहीस. म्हणून "माझी पापं कोणती?" असं विचारत बसू नकोस, त्याने काही आठवत नाही. त्यापेक्षा माणसं आठव. घरातलं एकेक, वर्गातलं एकेक, शेजारी, बसमध्ये बाजूला बसणारा मुलगा. प्रत्येकाशी तू कसा वागलास? कुणाला मुद्दाम खेळात घेतलं नाहीस? कुणाची सगळे टिंगल करत होते तेव्हा तूही हसलास? काही करायला हवं होतं आणि केलं नाहीस, असं झालं का? मिस्सेच्या सुरुवातीच्या प्रार्थनेत आपण विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य चुकवून केलेली पापं कबूल करतो, त्यातलं हे शेवटचं मोठी माणसंसुद्धा विसरतात. आणि देवाशी तू कसा वागलास, तेही बघायचंच. प्रार्थना विसरलास की टाळलीस?

हा विसरण्या-टाळण्यातला फरक नीट धर, नाहीतर उगाच घाबरशील. पेला हातातून निसटून फुटला, ते पाप नाही. मुद्दाम फोडलास, किंवा फुटल्यावर बहिणीचं नाव सांगितलंस, तर ते आहे. मनात राग आला, तेवढ्याने पाप होत नाही. तो कुरवाळत बसून बदला कसा घ्यायचा हे ठरवलंस की प्रकरण पुढे गेलं. आणि ज्याला मोठं, प्राणघातक पाप म्हणतात, त्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गोष्ट खरोखर गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं, आणि तरीही ती आपल्या मर्जीने केलेली हवी. पेल्याचं खोटं त्यात बसत नाही. तरी सांगायचं, कारण लहान पापंही सांगून टाकलेली बरी असतात. दात रोज घासतो ते काही किडल्यावरच नाही.

आत गेल्यावर क्रूसाची खूण कर, आणि सांग की ही तुझी पहिलीच वेळ आहे. बस्स, पुढचं फादर सांभाळतील. मध्येच अडखळलास तर "मला मदत करा" म्हण. हा काही परीक्षेचा तोंडी पेपर नव्हे. कागदावर लिहून नेलंस तरी हरकत नाही, नंतर तो फाडून टाक. मी विचारणार नाही, आणि बाबानेही विचारायचं नाही. फादरांना तर कुणालाही सांगायची सक्त मनाई आहे. तो नियम जाणूनबुजून मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. प्रागमध्ये 1393 साली योहान नेपोमुक या धर्मगुरूंना राजाच्या हुकमाने नदीत बुडवून मारलं. राणीचं कन्फेशन सांगायला त्यांनी नकार दिला म्हणून, असं परंपरा सांगते. शेवटी फादर एखादी छोटी प्रार्थना किंवा काम देतील, ते प्रायश्चित्त. ते तिथेच, बाकावर बसून उरकून टाक. घरी येऊन करतो म्हटलं की राहतंच.

कन्फेशन आधी आणि ख्रिस्तप्रसाद नंतर, हा क्रम का, हे तुम्हाला वर्गात सांगितलंच असेल. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी जेवायला बसण्याआधी अबोला सोडायचा, माझ्या मते एवढंच आहे त्यात. वयाचं मात्र सांगते, कारण तू "सातच वर्षांचे असताना काय कळतं?" असंही म्हणाला होतास. पूर्वी लोकांना तसंच वाटायचं. कितीतरी ठिकाणी मुलांना दहा, बारा, अगदी चौदा वर्षांपर्यंत थांबवून ठेवत. मग 1910 साली पोप पायस दहावे यांनी ते बंद केलं. साधारण सातव्या वर्षी मूल विचार करू लागतं, ही साधी भाकर नाही हे त्याच्या वयाच्या मानाने त्याला कळलं की पुरे, असं त्यांनी ठरवून दिलं. मोठ्यांनाही सगळं कळतं असं नाहीच. म्हणून तर आपण सगळेच प्रसाद घेण्याआधी बायबलमधल्या त्या शताधिपतीचे, म्हणजे रोमन सैन्याधिकाऱ्याचे, शब्द म्हणतो, की प्रभू, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही.

त्या दिवसाचं थोडक्यात. प्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. फादर "ख्रिस्ताचं शरीर" म्हणतील, तेव्हा "आमेन" मोठ्याने म्हण, पुटपुटू नकोस. हातावर घेणार असशील तर डावा तळहात उजव्या हातावर ठेव, मग उजव्या हाताने उचल आणि तिथेच उभा राहून तोंडात घाल. ती भाकर चावली तरी चालते, मलाही लहानपणी तीच काळजी होती. पांढरा शर्ट आणलाय. बाप्तिस्म्याच्या वेळी तुला पांढरं नेसवलं होतं, त्याची आठवण म्हणून पांढरा. बाकी कपड्यांची चर्चा मी या घरात पुरेशी ऐकली आहे.

शनिवारी तुमचा वर्ग कन्फेशनला जाईल तेव्हा पालकांसाठीही एक फादर बसणार आहेत. मी जाणार आहे. बाबा "बघू" म्हणतोय. त्याला तू सांग, तुझं तो ऐकेल.

तुझी,
आई