स्कूबा डायव्हिंगमध्ये वर आल्यावरही अपघात का होतात? वजनाचा पट्टा खरंच टाकून द्यायचा का?

तुम्ही विचारलंय की पाण्याखालचा धोका समजतो, पण वर आल्यावर तर हवाच हवा, मग अनुभवी डायव्हर पृष्ठभागालाच का घाबरतात? आणि पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधतात तो शिशाच्या वजनांचा पट्टा, भाड्याने घेतलेला, समुद्रात टाकला तर भरपाई द्यावी लागते म्हणे, मग तो खरंच टाकायचा का? तुमचा कोर्स नुकताच झालाय आणि पुढच्या महिन्यात बोटीवरून पहिल्यांदा उतरणार आहात, म्हणून जरा मोठं उत्तर लिहितेय. उतरायच्या आधी पूर्ण वाचा.

अनुभवी लोक बरोबर सांगतात. स्कूबातल्या मृत्यूंचे अहवाल वाचायला घेतले की एक गोष्ट फिरून फिरून समोर येते. माणूस पृष्ठभागावर पोचलेला असतो, कधी कधी त्याने हाकही मारलेली असते, आणि मग तो पुन्हा खाली जातो. नंतर सापडतो तेव्हा शिशाची वजनं अनेकदा अंगावर तशीच असतात आणि जॅकेट, म्हणजे हवा भरून तरंगवणारं डायव्हरचं जाकीट, रिकामं असतं.

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. कोर्सनंतरचं पहिलंच वर्ष, पंचवीस-तीस डाइव्ह झालेल्या. आम्ही वर आलो तेव्हा वारा वाढला होता, लाटा आखूड आणि लागोपाठ येत होत्या, बोट शंभरेक मीटरवर. माझ्या सिलिंडरमध्ये 30 बार (हवेच्या दाबाचं एकक, भरलेला असतो तेव्हा साधारण 200) उरले होते, म्हणजे वर यायला मी आधीच उशीर केला होता. डोकं बाहेर आल्याबरोबर मी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा घ्यायचा तोंडातला भाग, काढला, बोटीला हाक मारायला. तोंड उघडलं आणि लाट आत गेली. खोकला सुरू झाला, खोकून श्वास ओढला तर पुन्हा पाणी. पायांनी जिवाच्या आकांताने पाणी मारत मी हनुवटी वर ठेवत होते आणि डाव्या हाताने जॅकेट फुगवायचं बटण दाबत होते. निदान मला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात इन्फ्लेटर (जॅकेटमध्ये हवा भरायची-सोडायची बटणं असलेली नळी) डोक्यावर धरून मी हवा सोडायचं बटण दाबत होते.

माझे बडी, म्हणजे डाइव्हमधले जोडीदार, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते समोरून आले नाहीत. वळसा घालून मागून आले, माझ्या सिलिंडरची मान पकडली आणि अगदी सावकाश म्हणाले, "रेग्युलेटर तोंडात घाल. हं. आता पट्टा सोड." माझा हात जाईना. मग त्यांनीच मागून हात घालून बकल उघडलं. सात किलो शिसं खाली गेलं आणि मी बुचासारखी वर आले. सगळा प्रकार फार तर दीड मिनिटाचा. त्या दीड मिनिटात पट्टा सोडायचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

असं का होतं ते सांगते. पाण्याखाली तुम्ही तोललेले असता, ना वर जात ना खाली. वर येऊन डोकं पाण्याबाहेर काढलं की त्या डोक्याचं चार-पाच किलो वजन पाणी पेलत नाही, ते तुम्हाला पेलावं लागतं. जॅकेट फुगवलेलं असेल तर काहीच कळत नाही. रिकामं असेल तर पाय मारून पेलावं लागतं, आणि इतक्या सामानासकट उभ्याने पाय मारत राहणं चांगल्या पोहणाऱ्यालाही मिनिट-दोन मिनिटांत दमवतं. दम लागला की श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, छातीत कोंडल्यासारखं वाटतं, आणि मग माणूस मास्क ओढून काढतो, रेग्युलेटर थुंकतो. ज्या दोन वस्तू त्याला वाचवतील त्याच आधी फेकतो. लांबून हे बुडणं वाटतही नाही. आरडाओरडा नसतो, माणूस शिडी चढल्यासारखे हात हलवत असतो आणि डोळे मोठे झालेले असतात.

म्हणून वर आल्यावर पहिलं काम एकच, जॅकेट फुगवणं. बोट कुठे आहे, बडी काय म्हणतोय, मासे किती दिसले, हे सगळं त्यानंतर. मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर किंवा स्नॉर्केल तोंडात, बोटीच्या शिडीवर पाय ठेवेपर्यंत. सिलिंडर संपला असेल तर बटण दाबून जॅकेट फुगणार नाही, तोंडाने फुंकून फुगवावं लागतं. कोर्समध्ये हे एकदा करून घेतात आणि मग लोक विसरतात. तुम्ही प्रत्येक डाइव्हच्या शेवटी दोन फुंका मारत जा. हाताला इन्फ्लेटरची दोन बटणं न बघता ओळखता आली पाहिजेत.

तरीही तरंगता येत नसेल, जॅकेट फाटलं असेल, घाबरायला झालं असेल, काय चाललंय तेच कळत नसेल, तर वजन टाका. पृष्ठभागावर वजन टाकण्यात धोका जवळजवळ नाहीच. फक्त खाली कोणी डायव्हर आहे का एवढं बघता आलं तर बघा. बकल उघडून पट्टा हातात घ्या, अंगापासून लांब धरा आणि मग सोडा, नाहीतर तो सिलिंडरला किंवा सुरीच्या म्यानाला अडकतो. जॅकेटमधले वजनाचे खिसे असतील तर दोन्ही हँडल कशी निघतात ते आधीच ओढून बघा, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काही नुसते खेचून निघतात, काहींची आधी क्लिप दाबावी लागते. भाड्याचं सामान घेताना तिथेच, कोरड्यावर, डोळे मिटून दोनदा करून बघा. लोक बघत असतील तर बघू देत.

मुळात वजन जास्त नसेल तर निम्मी अडचण होतच नाही. नवशिक्यांना बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त शिसं बांधलेलं असतं, कारण त्यामुळे ते झटकन खाली जातात आणि सगळ्यांचा वेळ वाचतो. तुम्ही स्वतः तपासा. जॅकेट पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास घेऊन धरलेला, पाय स्थिर. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे आणि श्वास सोडला की तुम्ही हळूहळू खाली गेलं पाहिजे. ही तपासणी सिलिंडर संपत आलेला असताना केली तर उत्तम. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार हवा म्हणजे जवळपास 2400 लिटर, तिचं वजन तीन किलोच्या आसपास भरतं. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर ही वापरली जाणारी हवा धरून साधारण दोन किलो वाढवायचे.

पाण्यात उडी मारण्याआधीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार खोल श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक खाली जाऊन परत येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. बंद व्हॉल्व्ह, रिकामं जॅकेट आणि जास्त वजन असं तिन्ही घेऊन बोटीवरून उडी मारणारे लोक खरोखर असतात. नळीत उरलेल्या हवेवर एक-दोन श्वास मिळतात, तेवढेच.

वर येताना शेवटचे 10 मीटर सगळ्यात नाजूक. तिथे दाब दोन वातावरणांवरून एकावर येतो, म्हणजे छातीतली हवा दुप्पट जागा मागते. श्वास धरला तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूत जातात. पूर्ण भरलेल्या छातीने अगदी दीड-दोन मीटर वर आलं तरी हे होऊ शकतं. म्हणून श्वास चालू ठेवा, मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने येऊ नका, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. मग इंजिनाचा आवाज येतोय का ऐकत, हात वर धरून, स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेत वर या. बोटीच्या इंजिनाच्या पंख्याखाली सापडलेल्या डायव्हरची गत कशी होते ते मी इथे लिहीत नाही.

बाहेर आल्यावर पहिल्या दहाएक मिनिटांत कोणी अचानक कोसळलं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर त्याला आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. सांधेदुखी, मुंग्या, विचित्र थकवा उशिरानेही येतो, तोही लपवू नका. आणि पाण्यात असतानाच धाप लागून थांबत नसेल, खोकताना फेस किंवा गुलाबी थुंकी येत असेल, तर ते दमणं नाही, फुप्फुसात पाणी साठतंय. त्याला ताबडतोब बाहेर काढून बसतं ठेवायचं आणि ऑक्सिजन द्यायचा. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

बोट लांब राहिली तर प्रवाहाविरुद्ध पोहत बसू नका. जॅकेट फुगवा, बडीचा हात धरा, सिग्नल बॉय (हवा भरून पाण्यावर उभा राहणारा लांबट तरंगता फुगा) उभा करा. लाटांमध्ये काळ्या हूडमधलं डोकं शंभर मीटरवरूनही सापडत नाही, माणसाच्या उंचीचा नारिंगी बॉय सापडतो. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असू दे. आणि बोटीवरच्यांना गंमत म्हणून हात हलवू नका, कारण हात हलवणं ही संकटाची खूण आहे. ठीक असाल तर हाताची बोटं डोक्यावर टेकवा.

1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला पाण्यात सोडून बोट परत गेली. डोकी मोजण्यात चूक झाली होती आणि ती लक्षात यायला दोन दिवस गेले. ते कधीच सापडले नाहीत. बोटीवर हजेरी घेतात तेव्हा दुसऱ्याच्या वतीने "आहे" म्हणू नका, आणि तुमच्या शेजारी बसलेला माणूस दिसत नसेल तर मोठ्याने सांगा.

बडी घाबरलेला असेल तर काकांनी केलं तसंच करा. आधी स्वतःचं जॅकेट फुगवा. समोरून जाऊ नका, तो तुमच्यावर चढेल. लांबूनच शांतपणे सांगा, वजन टाक. नाही टाकलं तर मागून जा.

राहिला तुमचा भरपाईचा प्रश्न. हो, बहुतेक ठिकाणी द्यावी लागते. मी त्याच संध्याकाळी पट्ट्याचे आणि सात किलो शिशाचे पैसे भरले. पावती अजून माझ्या लॉगबुकात, त्या डाइव्हच्या पानाला टाचून ठेवलेली आहे.