जुना जॅझ ऐकायला बसताना

ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची १९१७ची तबकडी जॅझची पहिली म्हणून एकदा ऐका, पण तिथेच रेंगाळू नका. थेट १९२३ची, अमेरिकेत इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीने केलेली किंग ऑलिव्हरच्या बँडची रेकॉर्डिंग्ज लावा. तिथे मायक्रोफोन नव्हता. सगळे आवाज गोळा करणाऱ्या कर्ण्याकडे तोंड करून वाजवत. मोठ्या ड्रमचा दणका आवाज कोरणाऱ्या सुईला झेपत नसे, म्हणून बँडचा ड्रमवादक बेबी डॉड्स लाकडी ठोकळ्यांवर ताल धरतो. ती टकटक आधी कानात बसू द्या. मग 'चाइम्स ब्लूज'मधला तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) ऐका, अंगावर काटा येतो! खरखर पार पुसून काढलेल्या आवृत्त्या मात्र कृपया टाळा, त्यात क्लॅरिनेटची धारही जाते. विजेवरचं, म्हणजे मायक्रोफोन वापरून केलेलं ध्वनिमुद्रण १९२५मध्ये आलं. तिकडे सावकाश वळा.