बरडावरचं ते इवलंसं निळं फूल कोणतं?

मुरमाड बरड, जमिनीलगत पसरलेल्या बारीक काड्या, शर्टाच्या बटणाहून लहान निळं फूल, आणि दुपारी फोटो काढायला गेलं की फूलच दिसत नाही. तुमच्या या वर्णनावरून ती विष्णुक्रांता वाटते, शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. रताळं आणि बेशरम यांच्याच कुळातली, पण वेलीसारखी कशाला वेढे घालत नाही.

दुपारी मिटण्यावर मात्र जाऊ नका, केनाही मिटतो. धुऱ्यावरचा निळा केना आणि ही यांत लोकांची नेहमी गल्लत होते. केन्याला तीन सुट्या पाकळ्या, त्यातल्या दोन मोठ्या, आणि फूल दुमडलेल्या हिरव्या पानातून बाहेर येतं. विष्णुक्रांतेचं फूल पाच पाकळ्यांचं भासतं, पण ती सगळी एकच चकती असते; हलकेच ओढली तर अख्खी हातात येते. फुलाचा देठ दोऱ्याइतका बारीक. पान उन्हाकडे तिरपं धरा, अंगाला चिकटलेली रेशमी लव चमकेल.

खरी खूण फुलाच्या मध्यात आहे. भिंग नसेल तर मोबाइलवर मोठं करून बघा: पाच पुंकेसर, आणि त्यांच्यामधून निघालेले दोन नाजूक तंतू. प्रत्येक तंतू पुढे दुभंगतो, म्हणजे एकूण चार टोकं. एकच तंतू असेल, फक्त टोकाशी दोन फाटे असतील आणि फूल पांढरं किंवा फिकट गुलाबी असेल, तर ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस. शंखपुष्पी हे नाव या दोघींनाही लावतात, गोकर्णालासुद्धा. म्हणून कोणी शंखपुष्पी म्हटलं तेवढ्यावर उपटून काढा करू नका, आधी वैद्यांना दाखवा.

सागाच्या विरळ जंगलाच्या कडेला, कुरणात, झुडपी जंगलात, जिथे माती उथळ आणि ऊन भरपूर, तिथे ही सापडते. अशा जागेला आपल्याकडे सर्रास पडीक म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये सांगितलंय. पावसाळ्यात तिथे गुडघे टेकून बघितलं, तर वीतभर जागेत किती प्रकारची फुलं दिसतात!

पुढचा फोटो सकाळी ९ च्या सुमारास काढा. एक फुलाचा समोरून, एक देठासकट बाजूने आणि एक पानाच्या खालच्या बाजूचा. झाड उपटायची गरज नाही.