इंग्रजी वाक्प्रचार: सुरुवात कुठून करायची?

पन्नास वाक्प्रचारांची यादी पाठ करायला बसू नका. आठवड्याला पाचच घ्या, पण प्रत्येक पूर्ण वाक्यासकट वहीत उतरवा. आधी ऐकून ओळखता आले पाहिजेत, बोलण्यात वापरायची घाई नको.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ओळखीच्या वाटणाऱ्यांत. 'पुलिंग माय लेग' म्हणजे आपलं 'पाय ओढणं' नव्हे. मराठीत त्यात दुसऱ्याला खाली खेचणं आहे, इंग्रजीत नुसती थट्टा. बेळगावात कन्नड कानावर असतंच. त्यातलं 'कालेळेयोदु' (शब्दशः पाय ओढणं) या इंग्रजी अर्थाच्या जवळचं आहे, ते धरून ठेवा. तसंच 'कोल्ड फीट': भीतीनं हातपाय गार पडणं नाही, ठरवलेल्या गोष्टीत ऐनवेळी कच खाणं.

आणखी दोन चुका हमखास होतात:

- शब्द बदलणं. 'किक द बकेट' म्हणजे मरणं. त्यात 'बकेट'ऐवजी 'पेल' (तेही बादलीच) घातलं, की खरीच बादली लाथाडली जाते.
- प्रसंग न बघणं. हाच वाक्प्रचार मरणाबद्दल हलक्या सुरात बोलतो. सांत्वनाच्या पत्रात 'पास्ड अवे'च लिहा.

मुसळधार पावसासाठीचं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' सध्या बाजूला ठेवा, जुनाट वाटतं. खानापूरच्या पावसालाही 'इट्स पोअरिंग' पुरतं.