पिशवीचं तोंड, टाका आणि रक्ताचा डाग

प्रश्न : मला नववा आठवडा सुरू आहे. मागच्या खेपेला एकोणिसाव्या आठवड्यात कळा न येताच गर्भपिशवीचं तोंड उघडलं आणि बाळ गेलं. या वेळी डॉक्टर तीन महिने झाल्यावर त्या तोंडाला टाका घालणार आहेत. आत्ताच का नाही? सासूबाई तर पलंगावरून उठूच देत नाहीत.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात बहुधा गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. टाक्याने ते थांबत नाहीत. तोंड सैल पडण्याचा धोका असतो तो पुढे, चौथ्या-पाचव्या महिन्यात. म्हणून ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळ ठीक दिसलं, की १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान टाका घालतात.

तोवर मागच्या वेळचे सगळे कागद शोधून ठेवा. आधी काय झालं होतं, नुसतं जडपण की कळा, पाणी जाणं, ताप? हे फार महत्त्वाचं आहे. सुरुवात जंतुसंसर्गाने किंवा कळांनी झाली असेल, तर टाक्याचा उपयोग होईलच असं नाही. काही डॉक्टर अशा वेळी १६ ते २४ आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी योनीमार्गे सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजतात आणि ती २५ मिलिमीटरच्या खाली गेली तरच टाका घालतात. हाही मान्य मार्ग आहे, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मापाच्या आधी लघवी करून या, कारण मूत्राशय भरलेलं असलं की तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं.

टाका कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन घालतात. न विरघळणारा जाड धागा तोंडाभोवती बटव्याच्या नाडीसारखा ओवून आवळतात. ही मॅकडोनाल्ड यांची पद्धत, १९५७ सालची. त्याआधी १९५५ मध्ये मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मूत्राशय वर सारून अधिक उंचावर टाका घालण्याची रीत मांडली. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेल्या या डॉक्टरांचं नाव त्या टाक्याला जगभर आहे. नंतर एक-दोन दिवस थोडा लाल डाग दिसू शकतो. पाण्यासारखा स्राव, ताप, ओटीपोटात ओढ किंवा खाली दाब जाणवला तर लगेच दवाखाना गाठा. कळा सुरू झाल्या तर टाका तातडीने कापावा लागतो, नाहीतर तोंड फाटतं. एरवी तो ३६-३७ आठवड्यांत काढतात.

सासूबाईंना सांगा, पडून राहिल्याने तोंड घट्ट होत नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पाण्याच्या बादल्या मात्र दुसऱ्यांनी उचलाव्यात.

प्रश्न : सातवा आठवडा. संबंधानंतर रक्ताचा डाग दिसला. तोंड उघडतंय का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बहुधा नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे तोंडाच्या आतला नाजूक थर बाहेर दिसू लागतो आणि धक्का लागला की त्यातून रक्त येतं. त्याला औषध लागत नाही. तरी एकदा आतून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे गर्भ पिशवीतच आहे हे कळेल. पॅप तपासणी (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची) राहिली असेल तर ती गरोदरपणातही करता येते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डागाबरोबर पोटात एका बाजूला दुखलं, चक्कर आली किंवा खांदा दुखू लागला, तर त्याच क्षणी निघा. गर्भ पिशवीऐवजी नळीत असण्याची शक्यता असते.